शंभर भाग

आमच्याकडे सगळं शंभर भाग रबरावर मोजतात.
रबर शंभर. मग काजळी पन्नास, तेल बारा,
झिंक पाच, गंधक दीड.
बेरीज कधीच शंभर येत नाही
आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

अंबडला, एक्स्लो पॉइंटच्या मागच्या गल्लीत
हिरामण दातीर सव्वीस वर्षं
दोन रोलांच्या मिलपाशी उभा आहे.
ज्या जमिनीवर शेड आहे ती त्याच्या चुलत्याची होती;
तो हे एकदाच बोलला, तेही वजनकाट्याकडे बघत.

कुणाला तेलात न फुगणारं रबर हवं,
कुणाला उन्हात न तडकणारं,
सिन्नरच्या एका माणसाला असं, की जे दाबलं तर दबेल
पण ओरडणार नाही. म्हणजे काय
हे समजायला मला दोन महिने लागले.
मी कागदावर सूत्र लिहिते.
हिरामण गरम शीटमध्ये अंगठ्याचं नख रुतवतो,
"सत्तर."
मी थंड झाल्यावर मीटर लावते. एकाहत्तर.
"मीटरला म्हणावं, नीट बघ."

मग दिंडोरीकडच्या वायनरीची ऑर्डर आली.
टाकीच्या दाराला सील. पांढरं.
वास नको, चव नको, डाग तर नकोच.
साहेब म्हणाले, करू.
साहेब नेहमीच म्हणतात, करू.

तीन दिवस मिल धुतली.
कोरं रबर फिरवून फिरवून काढलं,
पहिलं करडं निघालं, मग राखी,
मग ढगाळ दिवसासारखं.
छतावरच्या पत्र्याला फडकं मारलं, पंखे पुसले,
हिरामणला नवा पांढरा गणवेश दिला, टोपी दिली,
आणि रोज दोनदा आंघोळ.
तिसऱ्या दिवशी त्याची बायको सिंधू
त्याचे हात उलटेपालटे करून म्हणाली,
"कामावरून काढलं का तुम्हाला?"

चौथ्या दिवशी माल घेतला.
सिलिका, चिनी माती, टायटॅनियम.
गंधक नाही, पेरॉक्साइड.
रोलांमधून शीट उतरली
ताज्या खरवसासारखी,
आणि आम्ही सहा जण नुसते बघत राहिलो.

कोपऱ्यात एक ठिपका होता.
मोहरीएवढाही नाही.
हिरामणनं टोपी काढली, भुवई चोळली,
बोट पाहिलं.
सव्वीस वर्षांची काजळी
साबणाला कुठं कुठं सापडणार!
कुणी हसलं नाही, म्हणून मीच म्हणाले,
"राहू दे दादा, तीट आहे. दृष्ट लागली असती."

तो तुकडा कापला, बाकीचा माल गेला.
भट्टीत चार तास ठेवून वास घालवला
तेव्हा हिरामणनं, ज्याच्या गळ्यात माळ आहे
आणि ज्यानं द्राक्षाचा रससुद्धा कधी बाटलीतून घेतला नाही,
नाकाला लावून सांगितलं,
"आता कशाचाच नाही."

एक चाचणी उरली होती.
छोटी चकती शिकंजात दाबायची,
बावीस तास गरम ठेवायची,
मग सोडायची आणि अर्धा तास काही करायचं नाही.
अर्ध्या तासानंतर मोजायचं
किती परत आली, किती तशीच राहिली.

तो अर्धा तास आम्ही चहा घेतला.
हिरामण गोऱ्या हातांनी कप धरून बसला होता,
दुसऱ्याचे हात सांभाळायला दिल्यासारखा.
सोमवारी पुन्हा काळा माल होता.
"बरं झालं," म्हणाला.

ठिपक्याचा तुकडा माझ्या खणात आहे,
व्हर्नियरच्या डबीखाली.
साहेबांनी परवा विचारलं, हे काय?
सॅम्पल, म्हणाले मी.
कशाचं ते त्यांनी विचारलं नाही.